डोळे उघडण्यापूर्वीची तालीम

बारशाच्या दिवशीं पाळण्याभोंवतीं जमलेल्या बायकांत एक वाद हटकून निघतो. बाळाला आतां दिसूं लागलें आहे काय? कोणी पाळण्यावरचें चिमण्यांचें खेळणें हलवून पाहते, कोणी तोंडासमोरून हात फिरवते, कोणी ‘दिव्याकडे बरोबर मान वळवतें हो!’ असें छातीठोकपणें सांगते. आणि अखेर घरांतील एखादी आजी, महिना उलटेपर्यंत मुलाला कांहीं उमजत नसतें, असा निकाल देऊन वाद मिटवते. ह्या वादांत दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट न बोलतां मान्य केलेली असते. ती ही कीं, डोळ्याच्या कामाला आरंभ जन्मानंतर होतो. गर्भाशयांत अंधार, पापण्या मिटलेल्या. तेथें डोळ्याला काम तें कोणतें असणार?

शास्त्रज्ञांची समजूतहि फारशी निराळी नव्हती. डोळा हें प्रकाश टिपण्याचें इंद्रिय. तेव्हां प्रकाश नाहीं तोंवर तें निजलेलें असणार, हें तर्काला धरूनच होतें. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा वर्षांत झालेल्या प्रयोगांनीं ही समजूत खोटी ठरविली. डोळा जन्मापूर्वींच कामाला लागलेला असतो. तें काम पाहण्याचें नव्हे. पुढें ज्या मेंदूच्या आधारानें पाहावयाचें, त्याची मांडणी लावून घेण्याचें. ह्या शोधाशीं जीं अनेक नांवें निगडित आहेत, त्यांत कार्ला शॅट्झ ह्या अमेरिकन विदुषीचें नांव अग्रभागीं आहे.

त्यांनीं काय शोधून काढलें हें समजावयाचें तर मूळ अडचण काय होती, हें आधीं पाहिलें पाहिजे. डोळ्याच्या आंतल्या बाजूस, पाठीमागें, अस्तर लावावें तसा एक पातळ पडदा असतो. त्याला नेत्रपटल म्हणतात. त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. कॅमेऱ्यांतील फिल्मशीं त्याची तुलना नेहमीं केली जाते, पण ती फसवी आहे. फिल्म ही निर्जीव पट्टी. नेत्रपटल हा मेंदूचाच एक तुकडा आहे. गर्भ चार आठवड्यांचा असतांना मेंदूच्या दोन बाजूंस दोन फुगवटे येतात, ते कातडीच्या दिशेनें बाहेर सरकतात, आणि त्यांचींच पुढें नेत्रपटलें बनतात. माणसाच्या एका नेत्रपटलांत प्रकाश टिपणाऱ्या सुमारें बारा कोटि पेशी असतात. त्यांनीं टिपलेली खबर मधल्या पेशींच्या थरांतून गाळली व निवडली जाऊन शेवटीं दहा-बारा लाख पेशींच्या स्वाधीन होते. ह्या शेवटच्या पेशींना गँग्लियन पेशी असें नांव आहे. प्रत्येक गँग्लियन पेशी आपला एक लांब तंतु मेंदूंत धाडते. ह्या सर्व तंतूंची मोळी म्हणजेच डोळ्याला मेंदूशीं जोडणारी मज्जा.

एका डोळ्याचे दहा लाखांवर तंतु, आणि दुसऱ्याचे तितकेच. वाटेंत त्यांतले निम्म्याहून अधिक तंतु आपली बाजू बदलून पलीकडे जातात. मग दोन्ही डोळ्यांचे तंतु मेंदूच्या अंतर्भागांत असलेल्या एका ठाण्यावर येऊन मिळतात. येथून पुढें मेंदूच्या पाठीमागच्या भागांत, जेथें दिसण्याची क्रिया खरी आकाराला येते, तेथें खबर पोंचविली जाते. ह्या मधल्या ठाण्यांतली व्यवस्था मोठी शिस्तीची आहे. तेथें एकावर एक असे पेशींचे थर असतात, आणि एका थरांत एकाच डोळ्याचे तंतु येतात. उजव्याच्या थरांत डाव्याला प्रवेश नाहीं. शिवाय प्रत्येक थरांत, नेत्रपटलावर जे एकमेकांचे शेजारी, ते येथेंहि शेजारीच असतात. लग्नाच्या मांडवांत वरपक्षाची पंगत निराळी व वधूपक्षाची निराळी बसावी, आणि दोन्ही पंगतींत गांवाकडले शेजारी पुन्हां शेजारीशेजारीच बसावे, असा हा प्रकार आहे. प्रश्न असा कीं, ही लाखोंची पंगत बसवितो कोण?

ह्या प्रश्नाला दोन उत्तरें होतीं, आणि तीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहावयासहि तयार नव्हतीं.

पहिलें उत्तर रॉजर स्पेरी ह्यांचें. त्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत बेडूक व त्याच्या जातीचे प्राणी घेऊन प्रयोग केले. ह्या प्राण्यांची डोळ्यामागची मज्जा तोडली तरी ती पुन्हां वाढून मेंदूला जुळते. स्पेरींनीं मज्जा तोडली आणि त्याच वेळीं डोळा खोबणींत उलटा फिरवून बसविला. मज्जा पुन्हां जुळली, दृष्टि परत आली. पण प्राण्याला सारें जग उलटें दिसूं लागलें. माशी डोक्यावर असली कीं तो खालीं चिखलांत तोंड मारी. महिने गेले तरी त्याची चूक सुधारली नाहीं. ह्याचा अर्थ उघड होता. फिरवलेल्या डोळ्यांतून निघालेला प्रत्येक तंतु आपल्या जुन्याच पत्त्यावर जाऊन पोंचला होता. अनुभवानें तो कांहींहि शिकला नव्हता. प्रत्येक तंतूवर कसली तरी रासायनिक खूण असते आणि ती खूण ओळखून तो आपलें ठिकाण गांठतो, असा सिद्धान्त स्पेरींनीं १९६३ सालीं मांडला. त्या खुणांचीं रसायनें १९९५ सालीं खरोखरच हातीं लागलीं. म्हणजे ह्या मतानें पंगतींतलें प्रत्येक पान आधींच नांव घालून ठेवलेलें.

दुसरें उत्तर डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल ह्या हार्वर्डच्या जोडीचें. योगायोग असा कीं, तेंहि १९६३ चेंच. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांचे डोळे मोठेपणीं शस्त्रक्रिया करून स्वच्छ केले तरी त्यांना नीट दिसत नाहीं, हें नेत्रवैद्यांना पूर्वींपासून ठाऊक होतें. कारण ठाऊक नव्हतें. ह्या दोघांनीं मांजराच्या पिल्लाची एक पापणी, ती उघडण्याच्या सुमारास, शिवून टाकली व दोन-तीन महिन्यांनीं उघडली. डोळा निर्दोष होता, नेत्रपटल निर्दोष होतें. पण मेंदूच्या पाठीमागच्या भागांतील पेशी त्या डोळ्याला जवळजवळ ओळखीनाशा झाल्या होत्या. त्याच्या जागा उघड्या राहिलेल्या डोळ्यानें बळकावल्या होत्या. हेंच पूर्ण वाढलेल्या मांजराच्या बाबतींत केलें तर कांहींहि बिघडत नसे. त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढें आढळली: दोन्ही डोळे मिटून ठेवले तर दुप्पट नुकसान व्हावयास पाहिजे, तें होत नसे. एक मिटला तर तो पार बुडे. दोन्ही मिटले तर दोघांचेंहि बरेंच शिल्लक राही. म्हणजे नुकसान केवळ उजेड न मिळाल्याचें नव्हतें. स्पर्धेंत हरल्याचें होतें.

अशा प्रयोगांचें वर्णन ऐकतांना मन कळवळतें, आणि तें कळवळावें हेंच योग्य. परंतु आज जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बालकाची शस्त्रक्रिया पहिल्या कांहीं आठवड्यांतच उरकावी असा जो आग्रह धरला जातो, त्याच्या मुळाशीं हींच पिल्लें आहेत, हेंहि विसरतां येत नाहीं. एका बाजूचा दाट मोतीबिंदू असेल तर दीड-दोन महिन्यांचा विलंबहि आयुष्यभर भोवतो. कारण चांगला डोळा तोंवर स्वस्थ बसलेला नसतो.

ह्या दोन परस्परविरुद्ध उत्तरांच्या तिघांहि कर्त्यांना १९८१ सालचें नोबेल पारितोषिक एकत्रच मिळालें. स्पेरींना तें मेंदूच्या दोन अर्धगोलांवरील निराळ्या कामासाठीं होतें, ही गोष्ट वेगळी. पण एका वर्षाच्या मानकऱ्यांत तिघांचीं नांवें आलीं खरीं.

कार्ला शॅट्झ ह्या ह्यूबेल-वीझल ह्यांच्या शिष्या. १९४७ सालीं जन्मलेल्या ह्या बाईंनीं पदवी घेतली ती रसायनशास्त्राची, रॅडक्लिफ महाविद्यालयांतून, १९६९ सालीं. नंतर दोन वर्षें लंडनला शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास करून त्या परतल्या आणि १९७६ सालीं हार्वर्डमध्यें डॉक्टर झाल्या. त्या विद्यापीठांत मज्जाविज्ञानाची ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. १९७८ सालीं त्या स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेल्या, आणि तेथील वैद्यकाच्या मूलभूत शास्त्रांत कायमची नेमणूक मिळविणाऱ्याहि पहिल्या स्त्री त्याच ठरल्या. पुढें २००० सालीं हार्वर्डला त्यांच्याच जुन्या विभागाचें प्रमुखपद त्यांच्याकडे आलें. तेथेंहि त्यांच्या आधीं त्या खुर्चीवर स्त्री बसलेली नव्हती. ‘पहिली स्त्री’ हें विशेषण असें एकाच व्यक्तीला पुनःपुन्हां लावावें लागतें, ह्यांत त्या व्यक्तीचा जितका गौरव आहे तितकाच त्या संस्थांचा उशीरहि दिसतो.

स्टॅनफर्डला शॅट्झबाईंनीं जो प्रश्न हातीं घेतला तो वरवर पाहतां किरकोळ होता. मधल्या ठाण्यांत उजव्या-डाव्याचे तंतु निरनिराळ्या थरांत बसतात. ते येतांनाच निवडून येतात, कीं आल्यावर निवडले जातात? त्यांचे आणखी एक गुरु पास्को राकिच ह्यांनीं माकडांच्या गर्भांत पाहिलें होतें कीं, आरंभीं दोन्ही डोळ्यांचे तंतु सरमिसळ असतात व जन्मापूर्वींच ते वेगळे होतात. शॅट्झबाईंनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं मांजराच्या गर्भांत हेंच बारकाईनें पाहिलें. मांजराचा गर्भकाळ सुमारें पासष्ट दिवसांचा. त्याच्या मध्याच्या सुमारास डोळ्यांचे तंतु ठाण्यावर येऊन पोंचतात. तेव्हां पंगत अशी नसतेच. जो तो मिळेल तेथें शिरतो. एकेक तंतु रंगवून पाहिला तेव्हां असें दिसलें कीं, तो वाटेंत आपल्याच काय, दुसऱ्याच्याहि प्रदेशांत बारीक बारीक फांद्या टाकीत येतो. पुढच्या तीनचार आठवड्यांत दुसऱ्याच्या प्रदेशांतल्या फांद्या गळून पडतात, आणि आपल्या प्रदेशांतली फांदी मात्र डेरेदार होते. जन्माच्या वेळीं थर साफ वेगळे झालेले असतात.

येथें खरी पंचाईत झाली. पिल्लाचे डोळे जन्मानंतरहि आठवडा-दीड आठवडा मिटलेलेच असतात. निवड होते ती त्याच्याहि आधीं. त्या काळांत प्रकाश टिपणाऱ्या पेशी अजून कामाला लागावयाच्या असतात. मग ह्यूबेल-वीझल ह्यांची स्पर्धा येथें कशी लागू पडणार? जेथें कोणी कांहीं पाहतच नाहीं, तेथें पाहण्याची स्पर्धा कसली? एखाद्यानें येथें स्पेरींचा जय झाला असें मानून वही मिटली असती. शॅट्झबाईंनीं ती मिटली नाहीं. मांजरांत जन्मानंतर मोठ्या मेंदूंत जें घडतें आणि जन्मापूर्वीं ह्या ठाण्यांत जें घडतें, त्या दोहोंचें स्वरूप त्यांना फारच सारखें वाटलें. आधीं सरमिसळ, मग विभागणी. आधीं पुष्कळ फांद्या, मग छाटणी. कार्य सारखें असेल तर कारणहि सारखें नसेल काय?

ह्याची परीक्षा १९८८ सालीं झाली. विषारी फुगा-माशांत टेट्रोडोटॉक्सिन नांवाचें एक विष सांपडतें. मज्जापेशी एकमेकींशीं ज्या विद्युत्-संकेतांनीं बोलतात, ते संकेत हें विष थांबवितें. पेशी जिवंत राहते, पण मुकी होते. शॅट्झबाई व मायकेल स्ट्रायकर ह्यांनीं गाभण मांजराच्या गर्भाशयांत एक चिमुकला पंप बसवून गर्भाच्या मेंदूला दोन आठवडे ह्या विषाचा अत्यल्प पुरवठा चालू ठेवला. डोळे तर आधींच मिटलेले. अंधार तर आधींच होता. डोळे केवळ निजलेले असते तर ह्या विषानें कांहींच फरक पडावयास नको होता. पण पडला. थर वेगळे झालेच नाहींत. तंतु सरमिसळच राहिले, आणि एकेक तंतु छाटणी न झालेल्या वेलासारखा भलताच पसरला. म्हणजे त्या अंधारांत कोणी तरी बोलत होतें, आणि त्याचें तोंड बांधल्यामुळें काम बिघडलें होतें.

बोलत होतें तें कोण? त्याच वर्षीं इटलींतील पीसा येथें लूचिया गाल्ली व लाम्बेर्तो माफेई ह्यांनीं एक असामान्य कौशल्याचें काम केलें. उंदराच्या, अजून न जन्मलेल्या पिल्लाच्या नेत्रपटलांत त्यांनीं सूक्ष्म तार बसविली आणि गँग्लियन पेशींचे संकेत ऐकले. अंधारांतच, कोणीहि न चाळवतां, त्या पेशी आपोआप संकेत पाठवीत होत्या. पुढें दोन वर्षांत त्यांना हेंहि आढळलें कीं, शेजारच्या पेशी बहुधा एकदमच बोलतात.

आतां एकेका पेशीला तार लावून भागणारें नव्हतें. सगळ्या मोहल्ल्याचें बोलणें एकाच वेळीं ऐकावयास पाहिजे होतें. स्टॅनफर्डमध्येंच मार्कस माइस्टर ह्या तरुण शास्त्रज्ञानें डेनिस बेलर ह्यांच्या प्रयोगशाळेंत एक कांचेचें तबक तयार केलें होतें. त्याच्या तळाशीं सूक्ष्म विद्युत्-अग्रांची, मधमाशीच्या पोळ्याप्रमाणें मांडलेली, एकसष्ट टोकांची जाळी होती. नेत्रपटल जिवंत ठेवून त्यावर पसरलें कीं शेंकडा-सव्वाशें पेशींचें बोलणें एकदम टिपतां येई. शॅट्झबाई, रेचेल वाँग, माइस्टर व बेलर ह्या चौघांनीं नवजात फेरेटचीं नेत्रपटलें ह्या तबकावर ठेवलीं. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी; तो जन्मतो तोच इतका अपुरा कीं त्याचे डोळे उघडावयास महिना लागतो. मांजरांत जें गर्भांत घडतें तें ह्याच्या बाबतींत जन्मानंतर घडतें, म्हणून त्याची निवड.

१९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधांत जें चित्र आलें त्याची अपेक्षा कोणी फारशी केली नसेल. नेत्रपटलाच्या एका कोपऱ्यांतील कांहीं पेशी बोलूं लागत. लगेच त्यांच्या शेजारच्या. मग त्यांच्या पलीकडच्या. उभ्या भातपिकावरून वाऱ्याची झुळूक जावी आणि ती कोठें आहे तें वांकणाऱ्या कणसांवरून दिसावें, तशी संकेतांची एक लाट नेत्रपटलावरून सरकत जाई. तिची गति सेकंदाला मिलिमीटरचा एक दशांश भाग, म्हणजे मज्जापेशींच्या मानानें गोगलगाईची. लाट गेली कीं मिनिट-दोन मिनिटें शांतता. मग दुसरी लाट, दुसऱ्याच ठिकाणाहून, दुसऱ्याच दिशेनें.

ह्या लाटेंत काय साधतें, हें ध्यानांत आलें म्हणजे निसर्गाच्या काटकसरीचें आश्चर्य वाटतें. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डॉनल्ड हेब ह्यांनीं १९४९ सालीं असें अनुमान मांडलें होतें कीं, एक पेशी दुसरीला वारंवार जागें करण्यांत यशस्वी झाली तर त्या दोघींमधील सांधा बळकट होतो. शॅट्झबाईंनीं पुढें हें तत्त्व एका छोट्या, यमक जुळविलेल्या इंग्रजी वाक्यांत घातलें, आणि तें इतकें लोकप्रिय झालें कीं पुष्कळ लोक तें हेब ह्यांचेंच समजतात. मराठींत त्याचा भाव असा सांगतां येईल: ज्यांचा सूर एका वेळीं लागतो, त्यांची गांठ बसते. आतां लाटेकडे पाहावें. नेत्रपटलावर जे शेजारी ते लाटेंत जवळजवळ एकाच क्षणीं बोलतात. दूरचे निरनिराळ्या क्षणीं. म्हणजे ठाण्यावरील पेशीला, ज्या तंतूंचें बोलणें बरोबर ऐकूं येतें ते शेजारी, हें आंधळेपणानें कळतें. आणि उजव्या डोळ्यांतील लाट व डाव्यांतील लाट ह्यांचा आपसांत कांहींच संबंध नसल्यामुळें दोन डोळ्यांचे तंतु क्वचितच एकदम बोलतात. म्हणून त्यांची गांठ बसत नाहीं व ते वेगळे पडतात. पंगत बसविणारा असा कोणी नाहींच. जे एका आवाजानें बोलतात ते आपोआप एका ओळींत येतात.

लाट उठते कशी, ह्याचाहि छडा लागला. मार्ला फेलर, शॅट्झ आदींनीं १९९६ सालीं दाखविलें कीं, नेत्रपटलाच्या मधल्या थरांतील एका जातीच्या, चांदणीच्या आकाराच्या पेशी अॅसिटिलकोलीन नांवाचें रसायन सोडून एकमेकींना चेतवितात. एकदां चेतलेला भाग कांहीं काळ पुन्हां चेतत नाहीं, जळून गेलेल्या गवतांत वणवा परत शिरत नाहीं तसा. म्हणून पुढची लाट दुसरीकडून येते आणि सगळ्या नेत्रपटलाला पाळी मिळते. दृष्टीची खरी यंत्रणा तयार होऊन डोळे उघडावयाच्या सुमारास ह्या लाटा मावळतात. तालीम संपते.

आणि स्पर्धा? तिचा निकाल १९९८ सालच्या प्रयोगांत लागला. फेरेटच्या एकाच डोळ्यांतील लाटा औषधानें थांबविल्या, तेव्हां त्या डोळ्याच्या तंतूंनीं ठाण्यांतील आपला प्रदेश गमावला व दुसऱ्याच्या तंतूंनीं तो व्यापला. दोन्ही डोळ्यांतील लाटा थांबविल्या, तर दोघांचे तंतु सरमिसळच राहिले. कोणी जिंकलें नाहीं कीं हरलें नाहीं. मिटलेल्या पापणीच्या पिल्लांत जें घडलें होतें, तेंच येथें, उजेडाचा एक किरणहि न पडतां, घडलें होतें.

एवढ्यानें वाद मिटला असें मात्र नाहीं, आणि विज्ञानांत तो मिटूंहि नये. २००३ सालीं अँड्र्यू ह्यूबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या चांदणीच्या आकाराच्या पेशी बहुतेक नष्ट करूनहि थर वेगळे होतात असें दाखवून आक्षेप घेतला कीं, पेशींनीं कांहीं तरी बोलत राहणें पुरेसें असेल. लाटेच्या विशिष्ट सुराची गरज नसेल. आक्षेप वजनदार होता. त्याला तोलाचें उत्तर मायकेल क्रेअर ह्यांच्या येल येथील प्रयोगशाळेंतून मिळालें. त्यांनीं उंदरांत असा बदल घडवून आणला कीं गँग्लियन पेशींना निळ्या प्रकाशानें बोलतें करतां यावें, आणि मग दोन्ही डोळ्यांना मुद्दाम एकाच क्षणीं बोलावयास लावलें. बोलणें चालू होतें, पण दोघांचा सूर एक झाला होता. आणि थर विस्कटले. २०१२ सालच्या ह्या प्रयोगानें सुराचें महत्त्व बरेंच निर्विवाद केलें. त्याच वर्षीं त्याच प्रयोगशाळेनें जिवंत, नवजात उंदराच्या मेंदूंत ह्या लाटा प्रत्यक्ष उमटतांना पाहिल्या. तोंवर तबकांतील नेत्रपटलाबाहेर त्या असतात कीं नाहीं अशी शंका घेण्यास जागा होती. माकडाच्या गर्भाच्या नेत्रपटलांतहि लाटा असल्याचें २००६ सालींच दिसून आलें होतें. २०२१ सालीं तर असें आढळलें कीं, डोळे उघडण्याच्या आधींच्या दिवसांत उंदराच्या लाटा एका ठराविक दिशेनें अधिक वाहूं लागतात. पुढें तो प्राणी धांवूं लागेल तेव्हां जमीन व झाडें डोळ्यांवरून ज्या दिशेनें सरकतील, त्याच दिशेनें. जें जग अजून पाहिलेलें नाहीं त्यांत चालण्याचा हा सराव.

स्पेरी खोटे ठरले काय? मुळींच नाहीं. तंतूंना गांवाचा व पेठेचा पत्ता रासायनिक खुणाच दाखवितात, हें आज सर्वमान्य आहे. घरापर्यंतची शेवटची वाट मात्र बोलण्याचालण्यानेंच ठरते. दहा लाख घरांचे पत्ते एकेक करून लिहून ठेवण्यापेक्षां निसर्गानें हा मार्ग पत्करला. त्यांत लवचिकपणा आहे. आणि त्यांतच धोकाहि आहे, कारण बोलण्याची वेळ चुकली तर जागा दुसऱ्याच्या होतात.

शॅट्झबाईंचें लक्ष पुढें ह्या छाटणीकडेच वळलें. लाटा थांबविल्या असतां मेंदूंतील कोणते जनुक वेगळे वागतात, हें शोधतांना १९९८ सालीं त्यांना जें रेणुकुल सांपडलें तें भलत्याच घराण्यांतलें निघालें. शरीरांत शिरलेला रोगजंतु व आपली पेशी ह्यांतला भेद ओळखण्याच्या कामीं येणारे हे रेणु. निरोगी मज्जापेशींत त्यांचें कांहीं काम नाहीं असेंच पाठ्यपुस्तकें सांगत. ज्या उंदरांत हे रेणु नीट बनत नाहींत, त्यांच्या डोळ्यांचे तंतु पुरेसे छाटले जात नाहींत, हें २००० सालीं सिद्ध झालें. ह्या रेणूंना प्रतिसाद देणारा एक ग्राहक रेणु मज्जापेशींवर असतो. तो नसलेल्या उंदरांच्या दृष्टिकेंद्रांत लहानपणची लवचिकता मोठेपणींहि टिकून राहते, असें २००६ सालीं दिसलें. १९९१ सालच्या लाटा ह्याच त्यांच्या कीर्तीचा पाया असल्या तरी, कालांतरानें ह्या दुसऱ्या शोधाचें पारडें जड ठरलें तर नवल नाहीं. कारण २०१४ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेनें ह्याच ग्राहकाला वाढलेल्या उंदरांत औषधानें अडवून धरलें, आणि लहानपणीं मिटून ठेवल्यामुळें मंद झालेल्या डोळ्याची दृष्टि सुधारतांना पाहिली. म्हणजे बंद झालेलें दार किलकिलें होऊं शकतें; निदान उंदरांत.

माणसांसाठीं असें औषध अजून नाहीं. मंद डोळ्याच्या मुलावर नेत्रवैद्य आजहि मुख्यतः जुनाच उपाय योजतात, आणि तो पाहून घरच्या माणसांना प्रथम बुचकळ्यांतच पडावयास होतें: डोळ्यांचा दोष चष्म्यानें वा शस्त्रक्रियेनें शक्य तितका दूर केल्यावर पट्टी बांधावयाची ती दुबळ्या डोळ्यावर नव्हे, तर धडधाकट डोळ्यावर. दिवसांतून कांहीं तास त्या डोळ्याला गप्प बसवावें लागतें, म्हणजे दुसऱ्याला बोलण्याची संधि मिळते. मूल अर्थातच चिडतें. ज्या डोळ्यानें दिसतें तोच झांकला, तर कोणाला आवडेल? तें पट्टी ओढून काढतें. आईनें ती पुन्हां लावावी, गोष्ट सांगावी, चित्रांचें पुस्तक समोर धरावें, आणि तास भरेपर्यंत त्याच्याजवळ बसावें.